भुरी रविवारीच का गुरगुरायची? खाण्यावरून अंगावर येणाऱ्या मांजराचं काय करावं

तुमचं मांजर एरवी मांडीवर येऊन झोपतं, पण ताटली समोर आली की कान मागे पाडून गुरगुरतं. शेजारून कुणी गेलं तरी पंजा उगारतं, घास न चावता गिळतं आणि पाच मिनिटांत तसाच ओकून टाकतं. असं घडत असेल तर हे तुमच्यासाठी आहे. एकदा थांबून परत सुरू झालं असेल तर अधिकच, कारण आमच्याकडे ते दोनदा थांबलं आणि दोनदा उलटलं.

भुरी आम्हाला जुलैच्या पावसात सापडली. आम्ही कोल्हापुरात शिवाजी पेठेत राहतो. गल्लीच्या तोंडाशी एका बंद दुकानाच्या फळीखाली ती एकटीच ओरडत होती. दात नुकते फुटलेले, महिन्याची असेल नसेल. आई नाही, भावंडं नाहीत. हे आधीच सांगते, कारण पुढच्या सगळ्याचं मूळ काही प्रमाणात तिथं आहे. आईपासून लवकर तुटलेली, लहानपणी उपाशी राहिलेली पिल्लं मोठेपणी खाण्यावर अशी तुटून पडण्याची शक्यता जास्त असते. पोट भरलं तरी पुढचं खाणं येईल याची त्यांना खात्री नसते.

ती दीड वर्षाची असताना एका रविवारी माझ्या सहा वर्षांच्या पुतणीला चावली. भुरीनं ओट्याखाली मटणाचं हाड ओढून नेलं होतं आणि पोर तिला कुरवाळायला वाकली. मी पाठमोरी होते. आधी एक खालच्या पट्टीतला, घशातून येणारा घर्रर्र आवाज ऐकला आणि मी वळेपर्यंत पोर किंचाळली होती. अंगठ्याच्या मुळाशी दोन बारीक भोकं होती, रक्तही फार नव्हतं.

मांजराच्या चाव्यात फसायला होतं ते इथंच. मांजराचे सुळे सुईसारखे असतात, जखम वरून टिचभर दिसते आणि आत खोल जाते. त्यांच्या तोंडातले जंतू आत राहून एका दिवसात हात सुजवू शकतात. नळाखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवायचं, अगदी घड्याळ लावून. हळद, चुना, चटणी काही भरायचं नाही. त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं आणि रेबीजच्या लसीचं विचारायचं. ही लस सरकारी दवाखान्यात मोफत मिळते, आणि सगळे डोस ठरल्या तारखांना पुरे करायचे असतात. घरच्या मांजराला दरवर्षी रेबीजची लस टोचून घ्या. भुरीची झालेली होती, तरीही पोरीच्या डॉक्टरांनी इंजेक्शनं सुरू केलीच आणि त्यांचं बरोबर होतं.

त्या संध्याकाळी घरात दोन मतं पडली. दीर म्हणाले, सोडून या तिला रंकाळ्यावर. शेजारच्या काकूंचा सल्ला होता, ''दोन दिवस उपाशी ठेवा, आपोआप सरळ हुतंय बघा.'' पहिल्याबद्दल बोलायलाच नको. दुसरा सल्ला मात्र खूप घरांत पाळला जातो, म्हणून सांगते: मांजराला कधीही उपाशी ठेवू नका. माणसाचा उपास वेगळा. मांजर दोन-तीन दिवस जेवलं नाही तर अंगातली चरबी यकृतात साचायला लागते आणि यकृत निकामी होऊ शकतं. अंगानं भरलेल्या मांजरांना हा धोका सगळ्यात जास्त. शिवाय ज्याला खाणं संपेल याचीच भीती आहे त्याचं खाणं काढून घेतलं, तर त्याची भीती खरी होती हेच आपण त्याला शिकवतो.

पाण्याचा फवारा, नाकावर टिचकी, ताटलीजवळ पाय आपटणं हेही त्यातलंच. मारानं मांजर गुरगुरणं सोडेलही, पण गुरगुरणं म्हणजे सूचना असते. ती बंद झाली की पुढच्या वेळी सूचना न देता चावा बसतो.

आधी दुखणं आहे का ते बघा

वागण्यावर उपाय करण्याआधी पशुवैद्याकडे एक फेरी मारा. जंत असलेलं मांजर कितीही खाल्लं तरी भुकेलंच राहतं. भुरीच्या विष्ठेच्या तपासणीत जंत निघाले. डॉक्टरांनी वजन करून त्या हिशेबानं औषध दिलं. पिसवांवरही औषध दिलं, कारण पट्टकृमीची एक जात पिसवांमधूनच मांजराच्या पोटात जाते. एक सूचना: कुत्र्याचं पिसवांचं औषध मांजराला लावू नका. त्यातल्या काहींत परमेथ्रिन असतं आणि ते मांजराला विष आहे.

मांजर आठ-दहा वर्षांच्या पुढचं असेल, भूक एकदम वाढली असेल आणि तरी वजन उतरत असेल तर थायरॉइड तपासायला सांगा. पाणी खूप पीत असेल, लघवी वाढली असेल तर साखर. खाजेसाठी स्टिरॉइडचं इंजेक्शन नुकतंच दिलं असेल तर त्यानंही भूक भडकते. दात-हिरड्या दुखत असतील तरी मांजर खाताना चिडतं, पण ते ताटलीकडे धावतं आणि तोंड लावून मागे सरतं. हा फरक बारकाईनं बघितला तर घरीही कळतो.

जंतांचं औषध झालं आणि भुरी शांत झाली. आम्हाला वाटलं, संपलं. दीड महिन्यानं पुन्हा तेच.

भूक खरी आहे का?

दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी मला विचारलं, दिवसभरात ही काय काय खाते ते लिहून आणा. मी लिहिलं तेव्हा माझं मलाच वाईट वाटलं. सकाळी म्हशीचं दूध आणि चपाती. दुपारी दूधभात. संध्याकाळी मांजरांच्या विकतच्या खाण्याचे थोडे सुके दाणे. मधेमधे ताटातलं काहीबाही.

कोल्हापुरात मांजर म्हटलं की दुधाची वाटी आलीच. इथं दूध चांगलं मिळतं, कट्ट्यावर समोर म्हैस पिळून ग्लास हातात देतात, आणि आपल्याला जे चांगलं वाटतं ते आपण जिवाला लावलेल्या प्राण्यालाही देतो. पण बहुतेक मोठ्या मांजरांना दुधातली साखर पचत नाही. पोट बिघडतं, खाल्लेलं अंगी लागत नाही. आणि मांजर पक्कं मांसाहारी आहे. त्याच्या शरीराला टॉरिन नावाचा घटक बाहेरूनच लागतो आणि तो मांस-मासळीतून मिळतो. तो कमी पडत राहिला तर डोळ्यांवर आणि हृदयावर परिणाम होतो. दूधभातानं भुरीचं पोट डबरं दिसायचं, पण अंगाला हवं ते मिळतच नव्हतं. तिची भूक खरी होती आणि आम्ही तिला अधाशी म्हणत होतो.

मांजराचा मूळ शिकारी हिशेब समजून घेतला तर पुढचं सोपं जातं. मांजर दिवसातून दोनदा ताट भरून जेवणारा प्राणी नाही. त्याचं पोट लहान असतं आणि निसर्गात ते दिवसभरात उंदरासारखी लहानलहान शिकार करत आठ-दहा वेळा खातं. एका उंदरात साधारण ३० कॅलरी असतात. चार किलोच्या, नसबंदी झालेल्या घरगुती मांजराला दिवसाला २०० ते २५० कॅलरी लागतात, म्हणजे आठेक उंदीरच म्हणा. सुक्या दाण्यांत बोलायचं तर ५० ते ६० ग्रॅम. नेमकं प्रमाण पिशवीवर छापलेलं असतं. मी किराणाच्या वजनकाट्यावर ते एकदा मोजलं आणि लहान वाटीला खूण करून ठेवली.

दूध बंद केलं. दाणे आणि उकडलेलं चिकन यांचे पाच भाग केले: सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा आणि झोपताना. दुपारी घरी कुणी नसेल त्या दिवशी कागदी लगद्याच्या अंड्यांच्या ट्रेमध्ये दाणे टाकून जायचं. एकेका खळग्यातून पंजानं दाणा काढत तिचा वेळ जातो आणि गिळण्याचा वेग आपोआप कमी होतो. ओकणं पहिल्या आठवड्यातच थांबलं.

घरचंच खाऊ घालायचं ठरवणार असाल तर पशुवैद्याला विचारून घ्या. नुसत्या उकडलेल्या चिकनवर वर्षभर ठेवलं तर कॅल्शियम आणि इतर गोष्टी कमी पडतात.

ताटलीजवळ जाण्याची सवय

हे सगळ्यात सावकाश करायचं काम आहे आणि सगळ्यात जास्त उपयोग याचाच झाला.

आधी जागा बदलली. तिची ताटली स्वयंपाकघराच्या दारात होती, म्हणजे येणारा-जाणारा प्रत्येक पाय तिच्या जेवणावरून जायचा. ती मागच्या सोप्यात, भिंतीला टेकून पण कोपऱ्यात न कोंबता ठेवली, म्हणजे खाताना तिला दार दिसेल आणि पाठीमागून कुणी येणार नाही. खोल वाटीऐवजी पसरट स्टीलची ताटली, खाली ओलं फडकं. फडकं कशाला, तर ताटली फरशीवर सरकली की तिला वाटायचं कुणीतरी ओढतंय. हे मला जमिनीवर बसून बघितल्यावर कळलं. जिभेच्या रेट्यानं ताटली बोटभर सरकायची, फरशीवर खर्र आवाज व्हायचा आणि त्याच क्षणी तिचे कान आडवे व्हायचे. घरात कुणी हललेलंही नसायचं.

मग रोज एका जेवणाला हा सराव. ती खात असताना मी इतक्या लांब उभी राहायची की ती माझ्याकडे बघेल पण खाणं थांबवणार नाही. सुरुवातीला ते अंतर दहा फूट होतं. तिथून फुटाण्याएवढा चिकनचा तुकडा तिच्या ताटलीजवळ टाकायचा आणि लगेच मागे फिरायचं. बोलायचं नाही, वाकायचं नाही, हात पुढे करायचा नाही. तीन-चार तुकडे झाले की त्या दिवसापुरतं बस.

तीन-चार दिवस कान पुढेच राहिले, शेपूट स्थिर राहिली, तर एक पाऊल जवळ. शेपटीचं टोक फटफटायला लागलं, खाण्याचा वेग वाढला, अंग ताटलीवर पसरलं, तर मी घाई केली असं समजायचं आणि दोन पावलं मागे. मला दहा फुटांवरून दोन फुटांवर यायला पाच आठवडे लागले. मधे एकदा हौसेनं एका दिवसात तीन पावलं पुढे गेले आणि आठवडा वाया गेला.

यामागचा विचार एवढाच की माणूस ताटलीकडे आला म्हणजे ताटलीत भर पडते, घट होत नाही, हे तिच्या मनात पक्कं व्हावं. म्हणून ती खात असताना ताटली उचलायची नाही, हा घरात नियम केला. ''बघू या काढून घेऊ देते का'' अशी परीक्षा घ्यायची नाही. पाहुण्यांपैकी एखाद्याला हा मोह होतोच, त्यांना स्पष्ट सांगा. तोंडात हाडासारखं काही धोक्याचं असेल तर हातानं ओढू नका. चिकनचे चार तुकडे लांब, दुसऱ्या दिशेला टाका, ती तिकडे गेली की मधे दार लावा आणि मग सुपलीनं उचला. मांसाचं शिजवलेलं हाड मुळात देऊच नये, ते टोकदार फुटतं आणि घशात किंवा आतड्यात रुततं.

मूल घरात असेल तर मांजर जेवताना मूल त्या खोलीत नको. आमच्या पुतणीला ताटली भरायला दिली, पण ठेवायचं काम मोठ्यांचं.

दुसऱ्यांदा उलटलं तेव्हा

हे सगळं जमत आलं आणि श्रावण लागला. त्या महिन्यात भुरी इतकी शांत होती की मी सगळ्यांना सांगत सुटले, आमचं मांजर सुधारलं म्हणून. गौरी-गणपती बोळवले, घरात पुन्हा मटण सुरू झालं आणि तिसऱ्या दिवशी तिनं नवऱ्याच्या पोटरीवर पंजा ओढला.

आता मात्र मी चिडायचं सोडून नोंद ठेवायची ठरवली. भिंतीवरच्या कालनिर्णयावर पेन्सिलनं ठिपका: गुरगुरली तर एक, पंजा किंवा दात लागला तर दोन. दीड महिना ठेवली. ठिपके अकरा दिवसांवर पडले आणि त्यातले नऊ दिवस बुधवार, शुक्रवार किंवा रविवार होते. कोल्हापूरकराला पुढचं सांगावं लागत नाही. तेच आपले मटणाचे वार.

मग मी एका रविवारी सकाळपासून तिच्यावर नजर ठेवली. आठला मटणाची पिशवी आली. तिथूनच ती पायात घोटाळायला लागली. कुकरच्या शिट्ट्या झाल्या तोवर तिचा आवाज बदलला होता. पंगत बसली, ती ताटांच्या मधे, आणि सासूबाईंचा हात हळूच पाटाखाली गेला. मी बघितलं म्हटल्यावर त्या म्हणाल्या, ''अगं, किती वेळ बघत बसलीया बिचारी. एक तुकडा दिला तर काय बिघडतंय?'' त्यांच्यानंतर सासऱ्यांनी दिला. नवऱ्यानं दिला नाही, उलट पायानं बाजूला सारलं, आणि पंजा बसला तो त्यालाच.

गुंता इथं होता. कधी मिळतं, कधी हाकललं जातं, कुणाकडून मिळेल त्याचा भरवसा नाही. बी. एफ. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी कबुतरांवर केलेल्या प्रयोगांतून हे फार पूर्वीच दाखवलं आहे: ज्या धडपडीला दरवेळी नव्हे, अधूनमधून फळ मिळतं ती सगळ्यात चिवट होते. भुरी आठवड्यातून तीन दिवस तेच करत होती. श्रावणात कुकरमध्ये मटण नव्हतं म्हणून ती शांत होती, सुधारली वगैरे काही नव्हती.

तुमच्याकडे मटण नसेल, सुकट असेल, मासळीचा वार असेल, किंवा संध्याकाळी साहेब डब्यातलं उरलेलं घालत असतील. पण मांजर ''अचानक'' चिडतं असं वाटत असेल तर महिनाभर ठिपके मारा. वार, वेळ, घरात कोण होतं, काय शिजत होतं, एवढंच लिहा. डॉक्टरांनाही या कागदाचा उपयोग होतो.

मटणाच्या दिवशी आम्ही आता काय करतो

ताटातलं तिला काहीही द्यायचं नाही, कुणीही नाही. हे पाळताना सासूबाईंना वाईट वाटू नये म्हणून मी त्यांना दुसरं कारणही सांगितलं, आणि ते खरं आहे. आपल्या प्रत्येक रश्श्यात कांदा-लसूण चटणी असते, आणि कांदा-लसूण मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. शिजवल्यानं ते जात नाही, तुकडा धुऊन दिला तरी उतरलेलं राहतंच. अळणी पाणी, म्हणजे मटण शिजवलेलं बिनतिखटाचं पाणी, तेसुद्धा नको. नाव अळणी असलं तरी त्यात लसूण आणि मीठ असतंच. हे ऐकल्यावर त्यांनी हात आवरला तो आजतागायत.

पण त्यांना तिला काही द्यायचं असतं, तर तोही मार्ग ठेवला. मटण चुलीवर जायच्या आधी, मीठ-हळद लागायच्या आधी, दोन बिनहाडाचे तुकडे बाजूला काढून नुसत्या पाण्यात शिजवायचे. ते भुरीचे. कुकर उघडायच्या आधी सासूबाई ते मागच्या सोप्यात तिच्या ताटलीत घालतात, दार लावतात, आणि मग आमची पंगत बसते. जेवणं उरकून ताटं उचलली की दार उघडायचं.

पहिले दोन आठवडे फार वाईट गेले. ती दाराला नखं लावायची, आधी कधी ओरडली नसेल तशी ओरडायची. हे होणारच, धरून चाला. जी धडपड नेहमी फळाला यायची ती आता येत नाही म्हटल्यावर मांजर आधी जोर वाढवून बघतं. नेमकं याच वेळी घरातलं कुणीतरी विरघळतं आणि तुकडा देतं, आणि मग ते मांजर एवढंच शिकतं की आणखी जोरात ओरडायचं. सहाव्या रविवारी शिट्टी झाल्यावर ती स्वतःहून उठून मागच्या सोप्यात गेली आणि रिकाम्या ताटलीशी बसली.

घरात दुसरं मांजर असेल तर

त्यानंतर चार महिन्यांनी आमच्याकडे गुंड्या आला. दोन मांजरं शेजारी शेजारी जेवताना दिसतात, त्याला लोक प्रेम समजतात. पण मांजर एकट्यानं शिकार करून एकट्यानं खाणारा प्राणी आहे. शेजारी जेवताना एक घाईनं गिळत असतं आणि दुसरं अर्धं सोडून उठत असतं. आम्ही दोघांना वेगळ्या खोल्यांत, एकमेकांना दिसणार नाहीत असं घालतो. वेळ एकच, ताटल्या दोन. वीस मिनिटांनी दोन्ही उचलायच्या, पण दोन्ही मांजरं उठून गेल्यावर. पाण्याची भांडी तीन ठेवली आहेत आणि ती खाण्यापासून लांब.

नसबंदी दोघांचीही झाली आहे. पिल्लं अंगावर पाजणारी मांजरी मात्र खाण्यावरून गुरगुरली तर ते तिचं रास्त आहे. तिला भरपूर घाला आणि तिच्या वाटेला जाऊ नका.

भुरी आता साडेतीन वर्षांची आहे. ताटली भरताना मी तिच्या पाठीवर हात ठेवू शकते. मासळीचं कच्चं डोकं मिळालं तर अजून तोंडात धरून घर्रर्र करते आणि कपाटाखाली जाते. कच्ची मासळी आम्ही मुद्दाम देत नाही, पण बाजाराची पिशवी तिला आमच्याआधी सापडते कधीकधी. अशा वेळी आम्ही त्या खोलीतून बाहेर पडतो, दार ओढून घेतो आणि अर्ध्या तासानं सुपली घेऊन आत जातो.